थोपटणारा हात

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मुलांच्या मनःस्वास्थ्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांनी आम्हांस आज्ञा केली आहे. आम्ही वैद्य नव्हे, मानसशास्त्राचे पंडितही नव्हे. तथापि गतवर्षी आमच्या घरी जे घडले, त्याने आम्हांस उतारवयात एक धडा दिला. तो आपणांपुढे ठेवावा, एवढाच हेतू.

आमची सात वर्षांची नात झोपाळ्यावरून पडली आणि तिच्या डाव्या कोपराच्या वरचे हाड मोडले. शस्त्रक्रिया यथास्थित झाली, चार आठवड्यांनी प्लास्टर निघाले, हाड जुळल्याची ग्वाही डॉक्टरांनी दिली. आता उरला होता तो हात हळूहळू सरळ करण्याचा व्यायाम. परंतु पोरीने हात जो पोटाशी धरला, तो सोडीचना. व्यायामाची वेळ झाली की तिचा चेहरा पांढराफटक पडे, पोटात कळ येई. रात्री ती दचकून उठे. आम्ही घरातील वडील. आम्ही रोज म्हणावे, "अगं, त्यात भिण्यासारखं काय आहे? शूर मुली रडत नाहीत." आणि रोज तो हात अधिकच आखडावा! कोणी हितचिंतकाने कोपर चोळून व ओढून घेण्याचा सल्ला दिला. सुदैवाने डॉक्टरांनी अगोदरच बजावले होते, की मोडलेले कोपर चोळल्याने वा बळाने ओढल्याने ते उलट कायमचे ताठण्याचा धोका असतो.

अशा वेळी आमच्या सूनबाईंनी थोपटण्याची एक पद्धत कोठून तरी शिकून आणली. तिचा उगम अमेरिकेतला. रॉजर कॅलहन या मानसशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात तिचा पाया घातला आणि पुढील दशकात गॅरी क्रेग यांनी तिला सुटसुटीत रूप दिले. भीती शून्य ते दहापैकी किती, हे प्रथम मुलाने सांगावयाचे. मग तळहाताची करंगळीकडील कड थोपटीत, 'मला भीती वाटते, तरीही मी चांगली आहे', अशा अर्थाचे वाक्य तीनदा म्हणावयाचे. नंतर भुवईचा आरंभ, डोळ्याची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळ्याखालचे हाड, काखेखाली आणि शेवटी टाळू, अशा ठिकाणी दोन बोटांनी पाचसात वेळा हलकेच थोपटावयाचे आणि भीतीचा आकडा पुन्हा विचारावयाचा.

हे पाहून आम्हांस हसू आले, हे कबूल केले पाहिजे. सूनबाई नातीच्या चांगल्या हाताची कड थोपटीत होत्या. "भीती किती?" "दहा." "कसली गं भीती, बाळ?" पोर कितीतरी वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "झोपाळा जोरात घेऊ नकोस म्हणून आजोबांनी सांगितलं होतं. हात परत मोडला, तर आजोबा बोलायचेच बंद होतील."

मंडळी, आमचे हसू जागच्या जागी विरले. महिनाभर आम्ही तिला भिऊ नकोस म्हणत होतो. कशास भितेस, हे मात्र एकदाही विचारले नव्हते. तिला वाटणारी भीती हाडाची नव्हती, आमची होती! दुसऱ्या दिवसापासून आम्हीही तिच्यासमोर बसून स्वतःचा तळहात थोपटू लागलो आणि म्हणालो, "आजोबासुद्धा भितात. तुझा हात दुखेल म्हणून." ती खुदकन हसली. त्या आठवड्यात आकडा सहावर आला आणि हात पोटापासून सुटला. पुढे तीन महिने व्यायाम चालला. आज तो हात जवळजवळ सरळ आहे.

आता सत्य सांगावयास हवे. ते न सांगणे हा आपल्याशी द्रोह होईल. हाड डॉक्टरांनी बसविले, हात व्यायामाने मोकळा झाला. थोपटण्याने यांपैकी काहीही केले नाही. शरीरातील शक्तीचे प्रवाह या बिंदूंमुळे मोकळे होतात, असे पुरस्कर्ते म्हणतात. शास्त्राने ते सर्वमान्य केलेले नाही. २००३ साली कॅनडात ११९ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काहींनी नेमलेल्या जागी थोपटले, काहींनी भलत्याच जागी, तर काहींनी चक्क एका बाहुलीस थोपटले. तिन्ही गटांची भीती कमी झाली. ज्यांनी काहीच थोपटले नाही, त्यांची झाली नाही. यावरून आम्ही एवढेच समजतो, की गुण बिंदूचा नसावा. भीतीचे नाव घेणे, चित्त एका संथ ठेक्यावर स्थिर होणे आणि आपले माणूस शेजारी असणे, यांचा तो असावा. आपल्या आज्या-पणज्या तान्ह्या बाळास थोपटीत, त्यांना हे कोणी शिकविले होते?

यास्तव तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. थोपटणे मुलाच्या मर्जीने व्हावे आणि दुखऱ्या जागी कधीही होऊ नये. वेदना वाढली, सूज आली, बोटे बधिर वा निळसर झाली, तर क्षणही न दवडता डॉक्टर गाठावा. तेथे थोपटीत बसणे म्हणजे अपराध होय. आणि भीतीने झोप, अन्न वा शाळा कित्येक आठवडे सुटली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास लाजू नये. २०२२ साली सरकारने सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. 'लोक काय म्हणतील' या एका वाक्यापायी आपल्या ज्ञातीतील किती मुले मुकाट्याने कुढली असतील, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरापुरता करावा.

आज घरी गेल्यावर आपल्या मुलानातवंडांस जवळ घ्या आणि "भिऊ नकोस" म्हणण्याआधी "कशाची भीती वाटते?" एवढे विचारा. उत्तर आपल्याविषयीच असले, तरी ते शांतपणे ऐकून घ्या. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.