संगीताच्या तासाला जात्यावरची ओवी

राहुरी परिसरातल्या ज्या शाळांत संगीताचे वेगळे शिक्षक नाहीत, तिथल्या वर्गशिक्षकांसाठी आजची माहिती. मोबाइलवर ‘पारी’ हे संकेतस्थळ उघडा. पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या या ग्रामीण संग्रहात २०१७पासून जात्यावरच्या ओव्या ऐकायला मिळतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या. शब्द, आवाज, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव, सगळं एकत्र. पाठ्यपुस्तकात हे कुठून येणार?

एकच ओवी दोन-तीनदा ऐकवा. चाल कुठे चढते, कुठे उतरते, ते मुलांना हाताने दाखवू द्या. मग घरच्या आजीला विचारून तिची ओवी टिपून आणायला सांगा. तिची चाल वेगळी निघाली तर फारच छान. खरा धडा तिथे सुरू होतो.

सुरासाठी तानपुऱ्याचं मोफत ॲप पुरतं, फक्त पट्टी मुलांना झेपेल अशी ठेवा. चित्रपटगीताच्या मूळ पट्टीमागे त्यांना ओढलं की गळे ताणतात. व्हिडिओ कॉलवर समूहगान मात्र नको. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि ताल सुटतो. रेंजचा भरवसा नसेल तर आदल्या दिवशीच चाल गळ्यात बसवा आणि वर्गात स्वतः गा.

आणि हो, आजीचा आवाज कुठेही पाठवण्याआधी तिची परवानगी जरूर घ्या.