रांग कुठे लागलीय, ते आधी बघा

वेळ थोडा आहे आणि मला सांगायचं आहे ते एकच. ऑनलाइन खेळात लॅग आला की इंटरनेटचा प्लॅन वाढवायला धावू नका. आधी रांग कुठे लागलीय ते बघा. हे वाक्य मी आज पुन्हापुन्हा म्हणणार आहे. कंटाळू नका, कारण लोक माझ्यासमोर मान डोलावतात आणि संध्याकाळी कंपनीला फोन लावून १०० चे २०० एमबीपीएस करून घेतात.

नेहमीचं दृश्य तुम्हाला ठाऊक आहे. पिंग, म्हणजे खबर जाऊन-येऊन लागणारे मिलिसेकंद, ३०-३५ वर निवांत असतो आणि ऐन चकमकीत एकदम ३०० वर उडी मारतो. समोरचा गडी इथून तिथे टेलिपोर्ट होतो. तुम्ही भिंतीआड गेलेले असता, तरी मरता. पोरगा ओरडतो, "नेट स्लो आहे!" वडील स्पीड टेस्ट लावतात, आकडा येतो ९५, आणि घरात निकाल लागतो की पोरगा हरला म्हणून कांगावा करतोय. अहो, दोघंही चुकताय. लॅग खरा आहे आणि नेटही स्लो नाही.

स्पीड टेस्ट मोजते ते सेकंदाला किती माल जातो ते. खेळाला मुळात फारसा माल पाठवायचाच नसतो. एका क्षणाची खबर म्हणजे जेमतेम काहीशे बाइट. पण ती वेळेवर पोचावी लागते. व्हॅलोरंट या खेळाचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाचा हिशेब मांडतो. तुमची खबर वाटेत २०० मिलिसेकंद अडकली, तर तेवढ्यात त्याचे २५ हिशेब मांडून झालेले असतात, आणि त्यात तुम्ही अजून भिंतीबाहेरच उभे असता.

आता पिठाच्या गिरणीकडे चला. दिवाळीच्या तोंडावर तुम्ही चकलीच्या भाजणीचा किलोभराचा डबा घेऊन गेलात. मोटर जोरदार, पीठ भराभर पडतंय. पण तुमच्या पुढे एका खानावळवाल्याने गव्हाची पोती आणून टाकलीत. तुमचं दळण दोन मिनिटांचं, ताटकळणं तासाभराचं. गिरणीचा वेग विचाराल तर तो उत्तमच आहे! आणि यातली खरी मेख पुढेच आहे. ओट्यावर जागा कमी असती, तर गिरणीवाला म्हणाला असता, "बास, बाकीची पोती परत न्या." मग खानावळवाल्यानेही हात आखडता घेतला असता. पण ओटा ऐसपैस. गिरणीवाला कुणालाच नाही म्हणत नाही, सगळं ठेवून घेतो. खानावळवाल्याला वाटतं, काम झकास चाललंय, आणि तो आणखी पोती पाठवत राहतो.

राउटर आणि मोडेममध्ये नेमकं हेच होतं. आलेली डेटाची पाकिटं ठेवायला त्यांच्यात बफर असतो, तो हा ओटा. मेमरी स्वस्त झाली तसे ओटे वाढत गेले. पाठवणाऱ्याचं एखादं पाकीट गळलं तरच त्याला कळतं की आता दमानं घ्यावं. इथे गळतच नाही, नुसतं साचतं. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास या दुखण्यावर बोट ठेवलं, आणि ते बफरब्लोट या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

आता तुमच्या घरातला खानावळवाला कोण? आईच्या फोनमधले लग्नाचे व्हिडिओ! घरी आल्यावर फोन वायफायला लागतो आणि गुपचूप बॅकअप सुरू होतो. हिशेब करा. अपलोड १० एमबीपीएस आहे आणि रांगेत एक मेगाबाइट साचलाय, तर तो उपसायला ८०० मिलिसेकंद लागतात. तुमच्या गोळीची खबर त्या मेगाबाइटच्या मागे उभी. प्लॅन दुप्पट केलात तर ८०० चे ४०० होतील. ४०० मध्ये तरी कोण जिंकतं? वर गिरणी मोठी झाली म्हणून भाजणीचा डबा पोत्यांच्या पुढे जात नाही. म्हणून म्हणते, रांग कुठे लागलीय ते आधी बघा.

बघायचं कसं? कॉम्प्युटरवर कमांडच्या दोन काळ्या खिडक्या उघडा. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग लिहिलं की डिफॉल्ट गेटवे दिसतो. तो तुमच्या राउटरचा पत्ता, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा. पहिल्या खिडकीत त्याला पिंग लावा, शेवटी डॅश टी, म्हणजे ते चालूच राहील. दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ या घराबाहेरच्या पत्त्याला तसंच पिंग. आणि खेळा. लॅग आला की लगेच दोन्हीकडे नजर टाका. दोन्ही आकडे एकदम उडाले, तर दुखणं तुमच्या आणि राउटरच्या मधे आहे. पहिला शांत आणि दुसराच उडाला, तर रांग राउटरच्या पुढे आहे. मग घरातले सगळे बॅकअप आणि डाउनलोड थांबवा. आकडा खाली बसला, तर खानावळवाला सापडला. घर गप्प असूनही आकडा उडतच असेल, तेव्हा खुशाल कंपनीशी भांडा, आणि भांडताना ती दुसरी खिडकी दाखवा. दोन्ही शांत आणि तरी चित्र अडखळतंय? मग बहुतेक मशीन तापलंय किंवा खेळाच्या सर्व्हरकडेच गडबड आहे. त्यात मी शिरत नाही.

पहिली खिडकी उडाली, तर संशय वायफायवर. वायफायवर एका वेळी एकालाच बोलता येतं, बाकीच्यांनी थांबायचं. म्हणजे इथेही रांगच! २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. एका इमारतीत राउटर किती, ते तुम्हीच मोजा. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात लुडबुडतो, म्हणजे शेजारच्या काकूंनी भाजी गरम केली की तुमचा पिंग लाल. उपाय साधा, लॅनची केबल लावा. ते जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा, पण त्याला भिंती फारशा भेदता येत नाहीत, तेव्हा राउटरच्याच खोलीत बसा. आणि तो राउटर टीव्हीच्या कपाटात, देवीच्या फोटोमागे का कोंबून ठेवता हो?

दुसरी खिडकी उडाली, तर उपाय जरा उफराटा वाटेल. आपलं नेट आपणच थोडं हळू करायचं. राउटरमध्ये एसक्यूएमची, म्हणजे रांग सांभाळायची, सोय असेल, तर मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर मर्यादा घाला. मग रांग मोडेमच्या ओट्यावर लागत नाही, आपल्या अंगणात लागते, आणि अंगणातल्या रांगेत कोण पुढे ते आपण ठरवतो. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची रीत मांडली. रांगेत कोण किती वेळ खोळंबलंय ते ती बघते आणि खोळंबा वाढला की पाकीट गाळते, म्हणजे पाठवणारा वेळीच शहाणा होतो. तिची पुढची आवृत्ती प्रत्येकाची रांग वेगळी लावते. मग छोटा डबा पोत्यांच्या मागे अडकत नाही. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय नसेल, तर फोनचा बॅकअप रात्री दोनला लावा. फुकटचा उपाय आहे.

एक राहिलंच. खेळात मुंबईचा सर्व्हर मिळत असेल तर सिंगापूरचा घेऊ नका. अंतर सुमारे ३९०० किलोमीटर, आणि फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद कोणताच प्लॅन वाचवू शकत नाही. पण तो उशीर एकसारखा असतो, आणि एकसारखा उशीर खेळ अंदाज बांधून झाकून नेतो. १९९६ च्या क्वेकवर्ल्ड या खेळापासून ही युक्ती चालत आलीय.

तेव्हा पुन्हा एकदा, पैसे भरण्याआधी दोन खिडक्या उघडा. आणि आईवडिलांनो, पोरगा "लॅग आहे" म्हणाला की त्याच्यावर डाफरण्याआधी स्वतःच्या फोनचा बॅकअप बंद करून बघा.