दोन्ही काठांवरून पाहावयाची लढाई
(नारायणगड परिसरातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या बीड जिल्ह्यात ‘गड’ म्हटले की लढाईआधी भक्तीची आठवण होते. नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान. लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. येथे तोफांचे आवाज नाहीत, टाळ-मृदंगाचे आहेत. परंतु येथून उत्तरेला, गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. तेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात मोठी लढाई झाली. आजचा माझा विषय असा की, ही लढाई आपल्या मुलांना डोळ्यांनी ‘अनुभवता’ आली, तर त्यातून ती काय शिकतील?

आज हे शक्य झाले आहे. व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव, असे त्या तंत्राचे नाव. डोळ्यांवर एक यंत्र बांधावयाचे. आपण त्याला चष्माच म्हणू. दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दिसतात, म्हणून मेंदूला खोली जाणवते. मान वळविली की यंत्रातील संवेदक ते ओळखतात आणि दृश्यही वळते. चित्र जरा मागे राहिले तर घेरी येते, म्हणून दर सेकंदाला सत्तर-नव्वद चित्रे बदलावी लागतात. अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी १९६८ साली केलेले असे यंत्र इतके जड होते की ते छताला टांगावे लागे. आज ते एका हातात मावते, आणि त्यावर युद्धाचे खेळ धडाक्याने विकले जातात.

परंतु माणसाला युद्धाच्या मध्यभागी उभे करण्याची ही हौस नवी नाही. १८०० साली लंडनमध्ये रॉबर्ट कर पोर्टर नावाच्या तरुण चित्रकाराने श्रीरंगपट्टणच्या लढाईचे एक प्रचंड चित्र मांडले होते. ४ मे १७९९ रोजी टिपू सुलतान त्या लढाईत मारला गेला होता. त्या वेळी आपल्या मराठवाड्यावर राज्य करणाऱ्या निजामाची फौज इंग्रजांच्या बाजूने होती. लोक तिकीट काढून त्या अर्धवर्तुळाकार चित्रासमोर उभे राहत आणि आपण लढाईतच आहोत असे त्यांना वाटे. आता लक्षात घ्या, पोर्टर तोपर्यंत हिंदुस्थानात आलेलाच नव्हता. त्याच्या चित्राचा नायक होता इंग्रज सेनापती बेअर्ड. प्रेक्षक इंग्रजांच्या बाजूने उभा राही आणि तेथूनच जग पाही. किल्ल्याच्या आतल्या घरांत त्या दिवशी काय चालले होते, हे त्याला त्या जागेवरून कसे कळणार?

मित्रहो, चष्मा खोटे बोलतोच असे नाही. पण तो आपल्याला एका जागी उभे करतो, आणि जागा निवडणारा दुसराच कोणी असतो.

आता राक्षसभुवनाकडे या. त्याच वर्षी निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले होते. मराठी फौजाही निजामाच्या मुलखात खंडणी वसूल करीत फिरत होत्या. पावसाळ्यात निजाम अली काही फौजेनिशी गोदावरी ओलांडून उत्तर तीरावर गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला. मध्ये पावसाळी नदी. माधवराव पेशवे आणि राघोबादादा यांनी नेमक्या याच वेळी हल्ला केला. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला पलीकडून मदत करता आली नाही. माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते, म्हणजे आपल्या कॉलेजातल्या मुलाच्या वयाचे.

ही लढाई चष्म्यात आणावयाची तर पाहणाऱ्याला कोठे उभे कराल? दक्षिण तीरावर विजय दिसेल. उत्तर तीरावर असहायता दिसेल. आणि दोन फौजांची घोडी, बैल व हत्ती ज्या शिवारातून गेले, त्या शिवाराच्या बांधावर उभे केले तर? तेथे जय-पराजय दोन्ही नाहीत. तेथे फक्त येणाऱ्या हिवाळ्याची चिंता आहे.

आणखी एक गोष्ट. हल्ली कोणतीही जुनी लढाई हिंदू विरुद्ध मुसलमान अशी रंगविण्याची चाल पडली आहे. राक्षसभुवनात ती टिकत नाही. निजामाचा दिवाण ब्राह्मण होता. नागपूरकर जानोजी भोसले आधी निजामाच्या गोटात होते, ते ऐन वेळी बाजूला झाले. उलट बाजूला पाहा. १७६० साली उदगीरला निजामाचा पराभव झाला, त्यात मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याचा होता. हा इब्राहिमखान पूर्वी निजामाचाच चाकर होता. तो १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला, शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. पुढे कोणी आपल्या मुलाच्या हातात एकरंगी लढाईचा खेळ दिला, तर त्याला ही नावे ठाऊक असली पाहिजेत.

या तंत्राचा चांगला उपयोगही झाला आहे. ‘प्रोजेक्ट दास्तान’ या उपक्रमाने फाळणीत घरदार सुटलेल्या वृद्धांना त्यांच्या जुन्या गावाचे दर्शन चष्म्यातून घडविले. त्यांची ‘चाइल्ड ऑफ एम्पायर’ ही कलाकृती २०२२ साली सनडान्स महोत्सवात दाखविली गेली. तिच्यात एक हिंदू पाकिस्तानातून इकडे आलेला आहे आणि एक मुसलमान इकडून तिकडे गेलेला आहे. पाहणाऱ्याच्या हातात बंदूक नाही. तो १९४७ सालच्या एका घाबरलेल्या मुलाच्या जागी उभा राहतो.

आपल्याला तर अशा आठवणींसाठी दूर जावे लागत नाही. सप्टेंबर १९४८ ची पोलिस कारवाई आपल्या मराठवाड्यात झाली. तिच्याआधी रझाकारांचे जुलूम झाले. तिच्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने केली. तिचा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. ते दिवस पाहिलेली पिढी आता संपत आली आहे. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे आहे ते आज लिहून घेतले नाही, तर उद्या कितीही महाग चष्मा आणला तरी त्यात भरावयास काही उरणार नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. हा चष्मा लहान मुलांच्या हाती सरसकट देऊ नका. तो बनविणाऱ्या कंपन्याच वयाची अट घालतात, ती पाळा. मुलाने युद्धाचा खेळ पाहिला तर त्याला रागावण्यापेक्षा दोन प्रश्न विचारा: तू कोणाच्या जागी उभा होतास? आणि तुला काय दाखविले नाही?

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला सांगावयाचे ते वेगळे आहे. अशी दृश्ये तयार करणाऱ्यांत तुमचे नाव असले पाहिजे. त्यासाठी केवळ संगणक येऊन भागत नाही. पेशवे दप्तर पुण्यात आहे, ते मोडी लिपीत आहे. निजामाच्या दरबाराचे कागद फारसीत आहेत. दोन्ही काठ पाहणाऱ्याला दोन्ही लिप्या वाचता आल्या पाहिजेत. तुमच्यापैकी ज्यांना मराठी आणि उर्दू दोन्ही येतात, त्यांची अर्धी वाट घरातच चालून झाली आहे. उर्दूकडून फारसीकडे आणि मराठीकडून मोडीकडे जावयास फार लांबचा पल्ला नाही.

तोपर्यंत एक काम करा. या सुटीत आपल्या नानी-दादीजवळ बसा, आणि शेजारच्या हिंदू आजीजवळही बसा. त्यांनी पाहिलेले, ऐकलेले वहीत उतरवून घ्या, तारीख घाला, गावाचे नाव घाला. हे इल्म बाजारात विकत मिळत नाही.

 खुदा हाफिज. जय हिंद!