पेशींवर संवेदकांचा पहारा
(मोहगाव येथील ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासाठी भाषण)



मोहगावचा परिसर संत्र्यांच्या बागांचा. झाड वाळल्यावर रोग कळून उपयोग नसतो. पान मलूल होताच जो ओळखतो, तोच जाणता बागाईतदार. मानवी शरीरातील पेशींचीही अशीच पारख आता विज्ञान करू लागले आहे.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते. हे विष मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते. लघवी कमी झाल्याचे ध्यानात येते, तोवर बरीच हानी झालेली असते.

पेशींची ही हानी शरीराबाहेर पाहण्याचे एक साधन म्हणजे अवयव-चिप. पारदर्शक पट्टीतील केसासारख्या बारीक मार्गिकांत मानवी पेशी वाढवितात व त्यांवरून पोषक द्रव वाहता ठेवतात. हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये फुफ्फुसाची अशी चिप सिद्ध केली. पुढे यकृत व मूत्रपिंड यांच्याही चिप तयार झाल्या.

चिपमधील संवेदक द्रवातील प्राणवायू, आम्लता व साखर सतत मोजतात. एकमेकींस घट्ट चिकटलेल्या पेशींच्या थरातून विद्युतप्रवाह सहज जात नाही. विषाने थरास फटी पडल्या की हा विरोध घटतो आणि पेशी मरण्यापूर्वीच इशारा मिळू शकतो. मात्र वरील विषाचे घातक आम्ल मुख्यतः यकृतात बनते. यास्तव एकट्या मूत्रपिंडाची चिप पुरेशी नाही, तीस यकृताची चिप जोडावी लागते.

भारत सरकारने मार्च २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून नव्या औषधांच्या पूर्वपरीक्षेसाठी अवयव-चिपचा समावेश केला. तथापि भेसळ पकडण्याचे काम चिपचे नव्हे. औषधाच्या प्रत्येक घाण्याची रासायनिक तपासणी हाच त्यावरील उपाय होय, आणि ती टाळण्यास कोणतेही नवे यंत्र सबब ठरू शकत नाही.

पालकांनीही दक्ष राहावे. दोन वर्षांखालील बालकास खोकल्याचे औषध देऊ नये. पाच वर्षांखालील बालकासही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये. औषधानंतर मुलाची लघवी कमी झाल्यास बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. चिपवरील पहारा संवेदकांचा असतो. घरातील पहारा आईबापांनीच करावयाचा आहे.