३१ मार्चनंतर



बायकांवरच्या हिंसाचाराबद्दल रेडिओवर पुष्कळदा बोललं जातं. कायदा काय सांगतो, तक्रार कुठे करायची, समाज कधी बदलणार, हे विषय तुमच्या ओळखीचे आहेत. मी आज त्यातल्या एका रुक्ष बाजूबद्दल बोलणार आहे, पैशांच्या. मारहाणीला कंटाळून एखादी बाई घराबाहेर पडते, तालुक्याच्या गावी समुपदेशन केंद्रात येऊन बसते. समोरच्या समुपदेशक ताईचा पगार कोण देतं? तारखेला कोर्टात जायचं तर एसटीचं भाडं कुठून येतं? आणि हा पैसा वेळेवर यावा, ठरल्या कामावर खर्च व्हावा, पै-पैचा हिशेब लागावा, हे कोण बघतं? संस्थेत हे बघणारी जी माणसं असतात, त्यांच्यापैकी मी एक.

हा पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. पहिली वाट सरकारची. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३-१४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर झाला. त्यातून १ एप्रिल २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आणि १८१ ही महिला हेल्पलाइन या योजना आल्या. पुढे २०२२ मध्ये त्या ‘मिशन शक्ती’च्या छत्राखाली गेल्या. दुसरी वाट कंपन्यांची. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यालाच आपण सीएसआर म्हणतो. तिसरी वाट परदेशी मदतीची. तिला एफसीआरए या परदेशी निधीच्या कायद्याचं कडक कुंपण आहे. संयुक्त राष्ट्रांचा तर फक्त या एका प्रश्नासाठी काढलेला विश्वस्त निधी आहे, १९९६ पासूनचा. याशिवाय वर्गण्या आणि देणग्या आहेतच. लेकीच्या वाढदिवसाला पाचशे रुपये पाठवणारी माणसं आजही आहेत.

वाटा वेगळ्या असल्या तरी अडचण तिन्हीकडे सारखीच येते. पैसा वर्षाच्या हिशेबाने येतो आणि बाईचा प्रश्न वर्षाच्या हिशेबाने सुटत नाही.

कसा ते सांगते. पहिल्या भेटीत बाई बहुतेक वेळा खरं कारण सांगतच नाही. मुलाच्या शाळेच्या दाखल्याबद्दल विचारते, रेशनकार्डाचं विचारते. ताईवर भरवसा बसायला दोन-तीन भेटी जातात. मग ती म्हणते, तक्रार नको, त्यांना नुसतं बोलावून समज द्या. समज दिली जाते. ती नांदायला परत जाते. काही महिने बरे जातात, मग एके दिवशी ती पुन्हा येते, या वेळी मुलांना घेऊन. आता संरक्षण अधिकाऱ्याकडे कौटुंबिक घटना अहवाल भरायचा, कोर्टात अर्ज करायचा. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा. अर्ज आल्यापासून पहिली तारीख तीन दिवसांत लागावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत प्रकरण निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं त्यात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. या साऱ्या काळात त्या बाईची हकीगत एकाच माणसाला अथपासून इतिपर्यंत माहीत असते, ती म्हणजे आमची समुपदेशक. प्रकल्प संपला म्हणून एप्रिलमध्ये ती गेली, तर नव्या ताईसमोर बाईला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. कितीतरी जणी मग येतच नाहीत.

म्हणून आमच्या अंदाजपत्रकातली सगळ्यात महत्त्वाची ओळ पगाराची. आणि देणगीदाराची कात्री पहिल्यांदा चालते ती नेमकी तिथेच. ‘पगारावर इतका खर्च? मग प्रत्यक्ष कार्यक्रमावर किती?’ हा प्रश्न मी दरवर्षी ऐकते. शाळेची खोली बांधली तर कोनशिला बसवता येते, शिलाई मशिनं वाटली तर फोटो निघतो. इथे समोर बसून ऐकणारं माणूस हाच कार्यक्रम आहे. त्याचा पगार कापून उरलेल्या पैशांत जनजागृतीचे फलक लावले, तर फलक वाचून आलेल्या बाईशी बोलणार कोण?

परदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. समुपदेशकाचा पगार थेट कामाचा खर्च म्हणून दाखवता येतो. पण हिशेबनीस, ऑफिसचं भाडं, विजेचं बिल हे सगळं त्या २० टक्क्यांत बसवावं लागतं. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला परदेशी निधी देणंही बंद केलं. पूर्वी शहरातली मोठी संस्था परदेशी निधी मिळवायची, कागदपत्रं सांभाळायची आणि त्यातला वाटा तालुक्यातल्या छोट्या महिला मंडळाला द्यायची. ती सोय गेली. छोट्या संस्थेने परदेशी निधी घ्यायचा तर नोंदणी, दिल्लीतल्या ठरावीक शाखेतलं बँक खातं, वार्षिक विवरणपत्र, सगळं स्वतः करायचं. ज्या मंडळात एकच कार्यकर्ती मोर्चाही काढते आणि कीर्दही लिहिते, तिथे हे कसं जमायचं?

आता हिशेबाचीच एक गोष्ट जवळून दाखवते, म्हणजे आमचं काम कशाशी खातात ते कळेल. बाईचं सासरी राहिलेलं सामान आणायला ताई तिच्याबरोबर जाते. पोलिसांना आधी कळवलेलं असतं. ‘छोटा हत्ती’ ठरवलेला असतो. कपाट, शिलाई मशीन, माहेरून आलेली पितळी भांडी, मुलांचे जन्मदाखले, एकेक वस्तू यादीशी ताडून गाडीत चढते. गाडीवाला छापील बिल देत नाही. त्याला देतो त्या पैशांचं साधं व्हाउचर लिहायचं आणि त्याची सही घ्यायची. पुढे ऑडिटर विचारणार: सामान कोणाचं? कुठून कुठे नेलं? ऑडिटरचं बरोबर आहे. उद्या कोणी खोटी फेरी दाखवून पैसे उचलले तर? पण व्हाउचरवर बाईचं नाव आणि माहेरचं गाव लिहिलं की तो कागद पाच टेबलांवरून फिरतो. तालुका लहान. कुठल्यातरी टेबलावर तिच्या दिराचा मित्र बसलेला असतो, आणि ती कुठे लपली आहे ते संध्याकाळपर्यंत सासरी कळतं.

म्हणून व्हाउचरवर फक्त केस क्रमांक आणि किलोमीटर. नाव-पत्त्याचं रजिस्टर वेगळं, कुलपात, किल्ली एकाच कार्यकर्तीकडे. ऑडिटरला शंका आली तर ती प्रत्यक्ष रजिस्टर समोर धरून क्रमांक पटवून देते, झेरॉक्स मात्र कुणालाच नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत तर पीडितेची ओळख प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. तरीही वार्षिक अहवालासाठी ‘एक यशोगाथा, फोटोसह’ अशी मागणी येतेच. आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. कधी त्यामुळे पुढच्या वर्षीचं अनुदान हातचं जातं. जाऊ दे. जी बाई आमच्यावर भरवसा ठेवून बोलली, तिचा चेहरा आमच्या जाहिरातीसाठी नाही.

दुसरा पेच मोजमापाचा. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, ‘निकाली काढलेली प्रकरणे’. बाई परत नांदायला गेली की प्रकरण निकाली, संस्थेला एक गुण. तीन महिन्यांनी तीच बाई हात मोडून घेऊन आली की तिचा नवा क्रमांक. तिला पुन्हा समजावून पाठवलं की दुसरा गुण. कागदावर दोन यशं, आणि बाईच्या हाताला प्लास्टर. असा रकाना ठेवला की समुपदेशकावर नकळत दबाव येतो, काहीही करून समेट घडवण्याचा. त्याऐवजी सहा महिन्यांनी आणि वर्षाने तिला विचारा: मारहाण थांबली का? हातात स्वतःचा पैसा आहे का? पुन्हा अडचण आली तर इथे येशील का? ही उत्तरं मिळवायला वेळ लागतो, फोन लागतात, म्हणजे पुन्हा माणूस लागतं.

आकडा वाढला की घाबरून जाणारे देणगीदारही भेटतात. ‘तुम्ही तीन वर्षं काम करताय आणि तक्रारी वाढल्याच की!’ त्यांच्यासाठी एक आकडा सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ या काळात झाली. त्यात दिसलं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली होती. ७७ टक्के बायकांनी मदत मागितली नव्हती आणि कुणाकडे चकार शब्दही काढला नव्हता. एवढी माणसं गप्प असताना केंद्राच्या रजिस्टरमधली पानं भरू लागली, तर त्या भागात बायका बोलू लागल्या असं समजावं. हे देणगीदाराला पहिल्याच बैठकीत सांगून ठेवावं लागतं. वर्षाच्या शेवटी सांगितलं तर सबब वाटते.

आणि आता मार्च. सरकारी अनुदान हप्त्याहप्त्याने येतं. पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात, ते गेलं की पुढचा हप्ता. यूसीला हिशेब पूर्ण हवा, त्यावर सनदी लेखापालाची सही हवी, मग फाईल जिल्ह्यातून वर जाते. मधल्या काळात पगार थकतात. समुपदेशक उसनवारी करते, नाहीतर दुसरी नोकरी बघते. दुसऱ्या टोकाला, हप्ता फेब्रुवारीत येतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च करायचा असतो, नाहीतर शिल्लक व्याजासकट परत. मग घाईघाईने शिबिरं होतात, पिशव्या छापल्या जातात, पेन वाटले जातात. पैसे खर्ची पडतात, ज्या ताईचा पगार नोव्हेंबरपासून थकला आहे तिचं मन मात्र केव्हाच उडालेलं असतं.

यावर आमच्या परीने उपाय करतो. सगळी अनुदानं एकाच महिन्यात संपू नयेत, अशा बेताने करार करतो. वर्गणीतून निदान तीन महिन्यांचे पगार निघतील एवढी गंगाजळी बाजूला ठेवतो. हिशेब मार्चची वाट न बघता दर महिन्याला मिटवतो, म्हणजे यूसी आमच्याकडून तरी अडत नाही. पण हे सगळं पळवाटांचं शहाणपण झालं. खरा उपाय कसा असतो, त्याची दोन उदाहरणं आपल्या मुंबईतच आहेत.

१९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात, पण प्रशिक्षित समाजकार्यकर्तीने चालवलेला. त्याला सरकारी आधार मिळायला आणि कक्ष राज्यभर पोचायला दोन दशकं जावी लागली. दुसरं उदाहरण ‘दिलासा’चं. ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हे केंद्र २००० च्या सुमारास उभं केलं. दुखापतीवर उपचार घ्यायला आलेल्या बाईला ‘हे कसं झालं?’ असं विश्वासात घेऊन विचारायला तिथल्या परिचारिका आणि डॉक्टर शिकले. सुरुवात प्रकल्प म्हणून झाली, पण काही वर्षांत रुग्णालयाने ते काम आपलं म्हणून स्वीकारलं आणि पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही तशी केंद्रं निघाली. दोन्ही ठिकाणी पहिल्या दिवसापासून हेतू पक्का होता: आम्ही सुरू करतो, शिकवतो, टिकवून दाखवतो, आणि मग ही पदं सरकारने आपल्या आस्थापनेवर घ्यायची. अनुदानाचा यापेक्षा चांगला उपयोग मला माहीत नाही.

म्हणून देणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात आहे. सीएसआरच्या नियमांत ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालवायची मुभा आहे, ती वापरा. एका वर्षाचा चेक देऊन दहा वर्षांचा बदल मागू नका. पगाराला हात लावू नका. हिशेब जरूर कडक मागा, नाव-पत्ता मागू नका. सरकारी अधिकाऱ्यांना एवढीच विनंती की, हप्ता एप्रिल-मेमध्ये सुटेल असं बघा.

आणि श्रोतेहो, तुमच्यासाठीही एक काम आहे. १८१ हा नंबर घरात सगळ्यांना पाठ असू द्या. सखी केंद्रात उपचार, पोलिसांची मदत, वकिलाचा सल्ला, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एका छताखाली मिळतो, हे शेजारणीला सांगा. मग तुमच्या जिल्ह्यातल्या केंद्राबद्दल माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज करा आणि तीन प्रश्न विचारा. पदं मंजूर किती? भरलेली किती? गेल्या वर्षी पगार किती महिने उशिरा झाले? दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर हा अर्ज होतो. असे अर्ज गावोगावहून गेले, की महिला-बालविकासाच्या कचेरीत पगाराची फाईल आपोआप वरच्या गठ्ठ्यात येईल.