करडईची पाकळी

मंडळी, आज करडईविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजी, करडईत नवे ते काय? लातूर-नांदेडकडे ती आज्या-पणज्यांपासून आहे. घाण्याचे तेल खाल्ले, कोवळ्या पाल्याची भाजी खाल्ली. पुढे सोयाबीन-हरभरा आला आणि करडई मागे पडली. काट्यांमुळे काढणीला माणूस मिळेना, हेही खरेच.

बोंडातले बी आपण विकतो. वरच्या पाकळ्या मात्र रानातच वाळून जातात. त्यांनाही मोल आहे, बरे का! पूर्वी त्यांच्यापासून कुसुंबी रंग काढीत. पाकळीत रंग दोन. पिवळा पाण्यात उतरतो, तांबडा उतरत नाही. म्हणून आधी धुऊन पिवळा काढायचा, मग खाराच्या पाण्यात तांबडा. १८५६ नंतर कारखान्यांतले रंग निघाले आणि हा धंदा बसला. पण औषधाला, काढ्याला आणि खाण्याच्या रंगाला पाकळी आजही लागते. चीनमध्ये तर ते जुने औषध आहे.

अडते ते तोडणीत. बाया भल्या पहाटे रानात जातात, कारण दवाने काटे नरम असतात. ऊन चढले की बोटे रक्ताळतात. एवढे खपून मिळते हलके गाठोडे, आणि वाळल्यावर ते आणखी हलके होते.

यावर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी २००५ च्या सुमारास एक यंत्र तयार केले. ते पाठीवर अडकवायचे आणि नळी हातात धरायची. आपण उपणतो तेव्हा वारा भूस उडवून नेतो, दाणा खाली पडतो. इथेही काम वाऱ्याचेच. पंखा वारा आत ओढतो, त्याबरोबर सुटी पाकळी येते. बी बोंडात बंद असते, ते जागच्या जागी राहते.

पण यंत्राला शहाणपण नसते. ते आपण द्यायचे. फूल उमलले की लगेच ओढू नये. बी धरू द्यावे. मग पाकळी कोमेजते, पिवळीची तांबूस होते, सैल पडते. अशी पाकळी काढली तर बियांना धक्का लागत नाही. घाई केली तर तेल जाईल नि पाकळीही नीट यायची नाही. दव उडाल्यावरच काम धरा. ओली पाकळी बुरसते. वाळवायची ती सावलीत. आणि माव्यासाठी औषध मारले असेल, तर त्या रानातली पाकळी काढ्याला देऊ नका. कोणाच्या तरी पोटात ती जाणार आहे! केशर म्हणून विकणारेही भेटतील. त्यांच्या नादी लागू नका.

बिनकाट्याच्या जाती आता आहेत. फलटणची नारी-६, परभणी विद्यापीठाची पीबीएनएस-४०. हाताने तोडायचे असले तरी याच बऱ्या.

आता मजुरीचे बोलू. यंत्र आले आणि पहाटे जाणाऱ्या बाया घरी बसल्या, तर गावाला काय मिळाले? माझे मत विचाराल तर यंत्र एका धन्याचे नको, बायांच्या बचत गटाचे असावे. नळीही त्यांच्याच हाती असावी. मात्र यंत्राला पैसे घालण्याआधी गिऱ्हाईक शोधा. पहिल्या साली दोन-चार तासांतली पाकळी हातानेच तोडा, वाळवा, नमुना घेऊन औषधवाल्यांकडे जा, भाव लिहून आणा. बियाण्याची चौकशी लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रात करता येईल. पेरा सप्टेंबरअखेर सुरू होतो. त्याआधी जाऊन या.