हातोडा थांबला, गळती थांबली नाही



नागरी वारसा आणि कायदा या विषयावरील परिषदेत स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

बाहेरगावच्या पाहुण्यांनो, मुंबईच्या या भागाला आम्ही फोर्ट म्हणतो. किल्ला मात्र शोधू नका. १८६० च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, त्याची तटबंदी पाडली गेली. पुढे उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर उभे राहिले. ओव्हल मैदानापलीकडच्या आर्ट डेको इमारतींसह हा समूह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेव्हा आम्ही विकासाचे वैरी आहोत, असा गैरसमज नसावा. आजचा वारसा हा त्या काळचा विकासच होता.

हा वारसा जपायचा तर स्मारकांसाठी १९५८ चा केंद्रीय कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवतीच्या १०० मीटरांत बांधकामाला मनाई झाली, पुढच्या २०० मीटरांत नियंत्रण आले. पण जिथे माणसे राहतात, दुकाने चालतात, त्या इमारतींचे काय? त्यासाठी मुंबईने १९९५ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत ६७ वा नियम आणला. सहाशेहून अधिक वास्तू व परिसर तीन श्रेणींत लावले गेले आणि वारसा समितीचा सल्ला घेणे आले. असा नियम करण्यात देशात मुंबईचा मान पहिला. त्या नियमाने पुष्कळ हातोडे थांबवले.

गळती मात्र थांबली नाही. काळा घोडा भागातले वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, पाहा. त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडहून आला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम इथेच दाखवली गेली. इमारत वारसा यादीत आहे. तरी २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळला आणि २०१९ मध्ये धोकादायक म्हणून ती रिकामी करावी लागली. कुणी बिल्डर तिथे हातोडा घेऊन आला नव्हता.

मग अशा इमारती झिजतात का? एक कारण भाड्यात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. सामान्य भाडेकरू शहरात टिकला तो त्यामुळेच, हे मी आदराने सांगतो. पण तेवढ्या भाड्यात मालक जिना तरी कसा दुरुस्त करणार होता? दुसरीकडे, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणारी जुनी इमारत पाडून नवी बांधली तर जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क मिळतो. जपणाऱ्याच्या वाट्याला एनओसीचे हेलपाटे आणि पाडणाऱ्याला बक्षीस, अशा हिशेबात वारसा टिकेल कसा?

म्हणून स्वागत समितीची विनंती आहे. इमारत यादीत घालणाऱ्या आदेशातच दुरुस्तीचा खर्च कोण देणार आणि किती मुदतीत काम होणार, हे लिहिले जावे. मालकाला टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकासहक्क, मिळेल तो दुरुस्तीच्या टप्प्यांनुसार मिळावा, आणि आत राहणाऱ्या भाडेकरूला त्या निर्णयात आवाज असावा. या विनंतीवर आपण दोन दिवस कडाडून वाद घाला. पाहुण्यांनी भांडावे, अशी इच्छा धरणारा यजमान विरळाच.

पाहुणचारात काही उणे राहिले तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. पुन्हा एकदा आपले स्वागत करतो आणि अध्यक्षांना परिषदेची सूत्रे हाती घेण्याची विनंती करतो.